पीटर सिंगरशी वाद घालायचा तर कुठल्या पायरीवर?

१९७१ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे पाकीट पोस्टात टाकायचं म्हटलं की नेहमीच्या तिकिटाशेजारी ५ पैशांचं आणखी एक तिकीट लावावं लागायला लागलं, निर्वासितांच्या मदतीचं. वेगळं तिकीट हातात येईपर्यंत कुटुंबनियोजनाच्या ५ पैशांच्या तिकिटावरच 'रिफ्यूजी रिलीफ' असं छापून वेळ भागवली गेली. ज्यांच्या घरी त्या काळातली पत्रं अजून गठ्ठ्यात बांधून ठेवलेली असतील त्यांनी बघा, सापडेल. पूर्व बंगालमधून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, तोवर ९० लाखांच्या आसपास माणसं सीमा ओलांडून भारतात आली होती आणि त्यांना जगवायचा खर्च आपल्या सरकारला एकट्याने झेपण्यातला नव्हता, म्हणून हा अधिभार.

नेमक्या त्याच महिन्यात ऑक्सफर्डमध्ये बसून २५ वर्षांचा एक ऑस्ट्रेलियन पोरगा ह्याच माणसांबद्दल एक निबंध लिहीत होता. त्याचं नाव पीटर सिंगर, तत्त्वज्ञानाचा अभ्यासक. निबंधाचं नाव 'फॅमिन, ॲफ्लुअन्स अँड मोरॅलिटी', छापून आला १९७२ च्या वसंतात, 'फिलॉसॉफी अँड पब्लिक अफेअर्स' ह्या तेव्हा नुकत्याच सुरू झालेल्या जर्नलमध्ये. तोवर युद्ध होऊन बांगलादेश स्वतंत्रही झाला होता. पण निबंध शिळा झाला नाही, आज जगभरात नीतिशास्त्राच्या वर्गात सगळ्यात जास्त शिकवल्या जाणाऱ्या लेखनात तो मोडतो. माझ्या मते ह्या माणसाचं पुढचं अख्खं करिअर त्या १५ पानांत आधीच होतं, चांगलं आणि त्रासदायक दोन्ही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

निबंधाची सुरुवात आकड्यांनी होते. ब्रिटनने तोवर निर्वासितांसाठी १ कोटी ४७ लाख ५० हजार पाउंड दिले होते, आणि ते इतर देशांपेक्षा बरेच होते. त्याच ब्रिटनने काँकर्ड विमान बनवण्यावर जो पैसा घातला होता त्यातला परत न येणारा भागच २७.५ कोटी पाउंडांच्या वर जात होता. सिंगरच्या स्वतःच्या देशाने, ऑस्ट्रेलियाने, दिलेली मदत सिडनीच्या ऑपेरा हाउसच्या खर्चाच्या एक बारांशसुद्धा नव्हती. एवढं सांगून तो सरकारांना बाजूला ठेवतो आणि थेट वाचणाऱ्याकडे वळतो, की बाबा तुझं काय?

आता त्याचा युक्तिवाद, जमेल तितका सरळ सांगतो. पहिली गोष्ट, अन्न, निवारा, औषध न मिळाल्यामुळे होणारं दुःख आणि मरण वाईट आहे. इथे कोणी भांडत नाही. दुसरी गोष्ट, एखादी वाईट गोष्ट होण्यापासून थांबवणं आपल्या हातात असेल आणि ते करताना तितकंच मोलाचं काही गमवावं लागत नसेल, तर ते आपण केलं पाहिजे. ही दुसरी गोष्ट पटावी म्हणून तो तळ्याचा दाखला देतो, जो मूळ निबंधात जेमतेम दोन-तीन वाक्यांचा आहे. तुम्ही एका उथळ तळ्याजवळून चाललाय, एक लहान मूल बुडताना दिसतं, तुम्ही आत उतरून त्याला काढलं पाहिजे. कपडे चिखलाने भरतील, पण मूल मरण्यापुढे ते काहीच नाही. हे वाचून कुणीही मान डोलावतो. आणि मग तिसरी गोष्ट येते, की मूल तुमच्यापासून दहा पावलांवर आहे का हजारो किलोमीटरवर कलकत्त्याजवळच्या छावणीत आहे ह्याने काय फरक पडतो? मदत पोचवायची व्यवस्था असेल तर काहीच नाही. तळ्याकाठी आणखी दहा जण नुसते बघत उभे असतील म्हणून तुम्ही उतरायचं नाही असं होतं का? तेपण नाही. म्हणजे मग नव्या कपड्यांवर, गरज नसलेल्या वस्तूंवर जो पैसा जातो तो तिकडे देणं हे दान नाही, पुण्य नाही, ते कर्तव्य आहे, आणि न देणं ही चूक आहे.

आता थांबून बघा काय झालं ते. दोन अगदी साध्या, कुणालाही मान्य होतील अशा वाक्यांवरून तो आपल्याला अशा ठिकाणी घेऊन आला जिथे आपली अख्खी जगण्याची पद्धत चुकीची ठरते. त्याची ताकद मला इथे दिसते. वाचणाऱ्यापुढे दोनच रस्ते उरतात, एकतर ह्यातली कुठली पायरी चुकली ते बोट ठेवून दाखवा, नाहीतर वागणं बदला. 'हे जरा जास्तच होतंय' असं म्हणून पुस्तक मिटता येतं, पण ते उत्तर नाही हे मिटतानाही कळत असतं. ठाण्या-पुण्यात बसून वाचणाऱ्याला तर अंतराची सबबपण फारशी मिळत नाही, मेळघाट आपल्याच राज्यात आहे.

हे त्या काळी किती वेगळं होतं ते समजायला थोडं मागचं सांगायला हवं. विसाव्या शतकातल्या बऱ्याच वर्षांत इंग्रजी विद्यापीठांमधले नीतिशास्त्राचे लोक 'चांगलं' ह्या शब्दाचा अर्थ काय, 'केलं पाहिजे' हे वाक्य नक्की कशा प्रकारचं वाक्य आहे, असल्या प्रश्नांत बुडालेले होते. कसं वागावं हे सांगणं हे तत्त्वज्ञाचं कामच नाही, ते पाद्री आणि पुढारी बघतील, अशी एक समजूत होती. व्हिएतनामचं युद्ध आणि अमेरिकेतली नागरी हक्कांची चळवळ आली तसं ते वातावरण सैल पडलं. विद्यार्थी विचारायला लागले की सक्तीच्या सैन्यभरतीला नकार द्यावा का, कायदा मोडावा का. सिंगरचा स्वतःचा ऑक्सफर्डचा प्रबंध ह्याच विषयावर होता, लोकशाहीत कायदा मोडणं कधी योग्य ठरतं. त्याचे गुरू आर. एम. हेअर नैतिक भाषेवरच काम करणारे मोठे तत्त्वज्ञ, त्यामुळे तो वाक्य घासूनपुसून बघायची शिस्त तिथे शिकला आणि ती शिस्त घेऊन थेट ताटाकडे आणि पाकिटाकडे वळला.

थोडं घरचं. सिंगर १९४६ साली मेलबर्नमध्ये जन्मला. आईवडील व्हिएन्नाचे ज्यू, हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर १९३८ मध्ये देश सोडून निघालेले. वडील चहा-कॉफीची आयात करायचे, आई डॉक्टर. चार आजी-आजोबांपैकी तिघं नाझींच्या छळात गेले. आईचे वडील डेव्हिड ओपनहाइम हे ग्रीक-लॅटिनचे शिक्षक आणि अभ्यासक, काही काळ मानसशास्त्रज्ञ फ्रॉइडच्या वर्तुळात आणि नंतर आडलर ह्या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाच्या, त्यांचा शेवट थेरेसियेनश्टाटच्या छावणीत झाला. नातवाने त्यांच्यावर २००३ मध्ये 'पुशिंग टाइम अवे' नावाचं पुस्तक लिहिलं. ही पार्श्वभूमी लक्षात ठेवा, पुढे जर्मनीत जे झालं ते ह्यामुळे आणखी लागतं.

१९७० मध्ये ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात जेवायच्या वेळी रिचर्ड केशन नावाच्या एका कॅनेडियन विद्यार्थ्याने वाढणाऱ्याला विचारलं की स्पॅगेटीवरच्या सॉसमध्ये मांस आहे का, आहे म्हटल्यावर त्याने सॅलड घेतलं. सिंगरने सॉसवाली स्पॅगेटी घेतली आणि मग गप्पा मारताना विचारलं की तू मांस का खात नाहीस. केशनचं उत्तर साधं होतं, प्राण्यांना ज्या पद्धतीने वागवतात ते मला बरोबर वाटत नाही. आपल्याकडे ताटात काय आहे ह्यावरून माणसाची जात-धर्म काढायची सवय असल्यामुळे ह्या प्रसंगाचं नवल आपल्याला कदाचित उशिरा कळेल. तिथे त्या काळात तत्त्वज्ञान शिकणाऱ्या हुशार पोराला हा प्रश्न त्याआधी पडलेलाच नव्हता. सिंगर आणि त्याची बायको रेनाटा दोघंही थोड्याच काळात मांस सोडून मोकळे झाले.

मग त्याने 'न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स'ला आपणहून लिहून विचारलं की ह्या विषयावर आलेल्या एका लेखसंग्रहाचं परीक्षण करू का. एप्रिल १९७३ मध्ये ते छापून आलं आणि १९७५ मध्ये त्याचंच पुस्तक झालं, 'ॲनिमल लिबरेशन'. ह्या पुस्तकाबद्दल एक मोठा गैरसमज असतो की हा माणूस प्राणिप्रेमी असेल. तो स्वतः प्रस्तावनेतच सांगतो की आम्हाला प्राण्यांचा तसा काही विशेष लळा नाही, आम्ही पाळीव प्राणी ठेवत नाही. त्याचा मुद्दा लळ्याचा नाहीच, न्यायाचा आहे.

तो असा. वेदना नको असणं हे ज्याला वेदना होते त्या प्रत्येकाचं हित आहे. तुमची वेदना आणि माझी वेदना सारखीच तीव्र असेल तर ती कोणाच्या अंगात आहे ह्याने तिचं वजन कमीजास्त होत नाही, हे आपण वंश आणि लिंगाच्या बाबतीत शिकलो, निदान तोंडाने तरी मान्य करतो. मग प्रजातीच्या बाबतीत का नाही? इथे लोक लगेच म्हणतात की म्हणजे डुकराला मतदानाचा हक्क द्यायचा का. नाही. सारखी वागणूक वेगळी आणि सारखा विचार वेगळा. तो उदाहरण देतो घोड्याचं, घोड्याच्या पुठ्ठ्यावर चापट मारली तर त्याला फारसं काही होत नाही, तीच चापट तान्ह्या बाळाला मारली तर बाळ कळवळेल, कातडी वेगळी. पण घोड्यालाही तितकीच कळ जाईल असा एखादा फटका असणारच, जाड काठीचा समजा. बाळाला तशी विनाकारण वेदना देणं वाईट असेल तर घोड्याला तो फटका विनाकारण मारणं तितकंच वाईट. बस्स, एवढाच नियम. आणि हा नियम घेऊन तो कारखानी पोल्ट्रीत आणि प्रयोगशाळेत शिरतो, आणि पुस्तकाचा मोठा भाग मग तत्त्वज्ञान नसून वर्णन आहे, कोंबडीला पिंजऱ्यात किती जागा मिळते, वासराला का बांधून ठेवतात, माकडांवर कुठले प्रयोग झाले, बहुतेक सगळं त्या त्या धंद्याच्या आणि शास्त्राच्या नियतकालिकांतूनच उचललेलं. ही त्याची युक्ती मला फार आवडते, आरोप करणाऱ्याचे शब्द वापरायचेच नाहीत, करणाऱ्यांचेच वापरायचे.

विचार लोकांपर्यंत पोचतो म्हणजे नक्की काय होतं हे हेन्री स्पिराच्या गोष्टीत दिसतं. स्पिरा हा खलाशी, मोटार कारखान्यातला कामगार, मग न्यूयॉर्कमध्ये शाळामास्तर, आयुष्यभर कामगार आणि नागरी हक्कांच्या चळवळीत. त्याने सिंगरचा १९७३ चा लेख वाचला, आणि सिंगर न्यूयॉर्क विद्यापीठात प्रौढांसाठी संध्याकाळचा कोर्स घेतोय म्हटल्यावर जाऊन बसला. कोर्स संपताना त्याने वर्गात विचारलं, आता ह्यावर काही करायचंय का कुणाला? काही जण त्याच्या घरी जमले. त्यांनी पहिलं लक्ष्य निवडलं अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी, तिथे मांजरांची इंद्रियं आणि मेंदूचे भाग निकामी करून त्यांच्या लैंगिक वागण्यावर वर्षानुवर्षं प्रयोग चालू होते. वर्षभराहून जास्त निदर्शनं झाली, १९७७ मध्ये प्रयोग बंद पडले.

पुढचं लक्ष्य सौंदर्यप्रसाधनं. त्या काळी शाम्पू, मस्कारा असलं काही बाजारात आणायच्या आधी ड्रेझ चाचणी करायचे, म्हणजे शुद्धीवर असलेल्या सशाच्या डोळ्यात तो पदार्थ घालायचा आणि डोळा किती लाल होतो, किती सुजतो, व्रण पडतो का, हे पुढचे काही दिवस बघून मार्क द्यायचे. १९८० च्या एप्रिलमध्ये स्पिराने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये पानभर जाहिरात दिली, रेव्हलॉन ही प्रसाधनांची कंपनी सौंदर्यासाठी किती सशांना आंधळं करते असा थेट सवाल विचारणारी. वर्ष संपायच्या आत रेव्हलॉनने पर्यायी चाचण्या शोधायला रॉकफेलर विद्यापीठाला साडेसात लाख डॉलर जाहीर केले आणि इतर कंपन्यापण मागे आल्या. भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला कायद्याने बंदी आली ती २०१४ मध्ये, आणि तशी चाचणी झालेला माल आयात करायलाही त्याच वर्षी. ह्याचं श्रेय एका पुस्तकाला देणं चूक होईल, अनेक देशांतल्या अनेक संघटनांनी ते लढवलंय, पण 'प्राण्यावर दया करा' इथून 'हे अन्यायाचं आहे' इथे भाषा सरकली त्यात ह्या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. स्पिरा १९९८ मध्ये गेला, सिंगरने त्याचं चरित्र लिहिलं.

आता अवघड भाग. हा टाळून सिंगरबद्दल लिहिणारे बरेच असतात आणि ते मला अप्रामाणिक वाटतं.

१९७९ मध्ये 'प्रॅक्टिकल एथिक्स' आलं, तेव्हा तो मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात प्राध्यापक झाला होता. त्यात त्याने तोच नियम जन्म-मरणाला लावला. तो उपयुक्ततावादी आहे, म्हणजे कृती बरोबर की चूक हे तिच्या परिणामांवरून ठरवायचं, सगळ्या संबंधितांचं सुखदुःख, इच्छा, हितं एकत्र मांडायची, किराण्याच्या वहीत सगळ्या रकमा एकाखाली एक लिहून बेरीज करतात तशी, आणि त्यात 'माझा', 'परका' असा वेगळा रकाना नाही. ह्या विचारात 'माणूस आहे म्हणून जीव पवित्र' असं आपोआप काही येत नाही, तसं म्हटलं तर ज्या प्रजातीच्या भेदाविरुद्ध आधीचं पुस्तक लिहिलं तोच भेद मागच्या दाराने आत येतो. मग जीव घेणं इतकं वाईट कशामुळे? तो म्हणतो, स्वतःची जाणीव, आपण काल होतो उद्या असणार आहोत हे भान, भविष्याच्या इच्छा, ह्या गोष्टींमुळे. नवजात बाळात हे अजून आलेलं नसतं. म्हणून अत्यंत गंभीर अपंगत्व घेऊन जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत आईवडिलांनी डॉक्टरांशी बोलून त्याचं आयुष्य संपवायचा निर्णय घेतला तर तो त्यांना घेता यायला हवा, अशी त्याची भूमिका.

वाचताना अंगावर काटा येतो. येऊ दे. पण लक्षात घ्या की हे त्याचं काहीतरी वेगळंच, विक्षिप्त मत नाहीये, सशाच्या डोळ्याबद्दल आपल्याला जे पटलं ते आणि हे एकाच नियमातून निघालंय. मला स्वतःला इथे जी पायरी अडते ती ही की जगण्याचं मोल त्या जीवाच्या आज असलेल्या क्षमतांवरून मोजायचं. मला वाटतं बाळ हे कुणाच्या तरी नात्यात, घरात, भाषेत आधीच आलेलं असतं, आणि ते नातं हा नुसता त्या बेरजेतला एक आकडा नसतो. हे त्याच्या पद्धतीने पूर्ण सिद्ध करता येईल का, मला माहीत नाही, पण भांडण मी तिथे मांडेन.

जर्मनीत हे प्रकरण पेटलं. तिथे १९३९ नंतर नाझींनी अपंग आणि मनोरुग्ण माणसांना 'दयामरण' ह्या नावाखाली मारलं होतं, पहिल्या दोन वर्षांतच ७० हजारांवर. १९८९ मध्ये सिंगरला व्याख्यानाला बोलावलं आणि अपंगांच्या संघटना आणि इतर गटांचा विरोध इतका झाला की निमंत्रणं रद्द झाली. १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिचमध्ये तो मंचावर असताना एकाने वर चढून त्याच्या डोळ्यावरचा चष्मा काढून घेतला आणि आपटून फोडला. ज्याचे आजी-आजोबा नाझींनी मारले त्याला नाझी म्हणून ओरडणारा जमाव समोर. त्या बाजूने बघितलं तर ज्यांचं जगणंच एकेकाळी 'जगण्यालायक नाही' ठरवलं गेलं होतं त्यांची भीतीपण खोटी नव्हती, सरकार ठरवणार नाही, आईवडील ठरवतील, हा सिंगरचा फरक त्यांना पुरेसा वाटला नाही. पण बोलूच न देणं मला तेव्हाही आणि आजही चूक वाटतं, आणि झालं काय, तर त्या पुस्तकाचा जर्मनीतला खप उलट वाढला.

१९९९ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाने त्याला शिकवायला बोलावलं तेव्हापण तेच झालं, व्हीलचेअरवरून आलेल्या आंदोलकांनी दारं अडवली, स्टीव्ह फोर्ब्ज ह्या विश्वस्त असलेल्या उद्योगपतीने हा माणूस असेपर्यंत माझी देणगी बंद असं जाहीर केलं. विद्यापीठ मागे हटलं नाही आणि तो २०२४ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथे शिकवत राहिला. १९९९ च्याच सुमाराला त्याच्या आईला अल्झायमर झाला होता, आणि हा पठ्ठ्या तिच्या देखभालीवर भरपूर पैसा खर्च करतोय हे बाहेर आल्यावर टीकाकारांनी धरलं, की तुझ्या हिशोबाने हा पैसा गरिबांना जायला हवा ना? 'न्यू यॉर्कर'च्या पत्रकाराला त्याने कबूल केलं की स्वतःच्या आईच्या बाबतीत हे प्रश्न आधी वाटले होते त्यापेक्षा अवघड आहेत. काहींना ह्यात ढोंग दिसतं. मला दिसत नाही, मला इथे त्याच्या सिद्धांतात एक भोक दिसतं आणि ते त्याने लपवलं नाही ह्याचा आदर वाटतो.

पैशाच्या बाबतीत मात्र तो बोलतो तसा बऱ्यापैकी वागलाय. १९७१ च्या सुमारास दोघा नवराबायकोने उत्पन्नाचा १० टक्के भाग ऑक्सफॅम ह्या गरिबीविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेला द्यायला सुरुवात केली आणि पुढे कमाई वाढत गेली तसा वाटा वाढवत नेला. २०२१ मध्ये तत्त्वज्ञानासाठीच्या बर्गरुएन पुरस्काराचे १० लाख डॉलर मिळाले ते सगळे देऊन टाकले, निम्मे जागतिक गरिबीवरच्या कामाला आणि उरलेल्यातला मोठा भाग प्राण्यांसाठीच्या संघटनांना. २००९ मध्ये 'द लाइफ यू कॅन सेव्ह' लिहिलं, त्याच नावाची संस्था काढली, आणि दहा वर्षांनी पुस्तकाचे हक्क परत घेऊन नवी आवृत्ती ई-बुक आणि ऑडिओ स्वरूपात फुकट करून टाकली. ऑडिओमध्ये वेगवेगळ्या प्रकरणांना वेगवेगळे आवाज आहेत, त्यात एक शबाना आझमींचा आहे.

ह्या पुस्तकात एक गंमतीशीर, खरंतर महत्त्वाचा बदल आहे. १९७२ चा निबंध म्हणतो की देत राहा, जोपर्यंत आणखी दिल्याने तुमचं नुकसान समोरच्याच्या फायद्याइतकं होत नाही तोपर्यंत. म्हणजे जवळजवळ निर्वासिताच्या पातळीला येईपर्यंत. २००९ चं पुस्तक म्हणतं, बहुतेकांनी उत्पन्नाच्या १ टक्क्यापासून सुरुवात करा, जास्त श्रीमंत असाल तर जास्त. मग सिंगर मवाळ झाला का? नाही, तो म्हणतो खरं कर्तव्य तेवढंच आहे, पण लोकांसमोर तेवढं मागितलं तर बहुतेक लोक काहीच देणार नाहीत, आणि परिणामच मोजायचा तर जे मागितल्याने एकूण जास्त पैसा येतो ते मागणं बरोबर. सामान्य वाचकासाठी लिहिणाऱ्या तत्त्वज्ञाचा हा फार खरा पेच आहे, आणि इथे मला तो थोडा खटकतो. ज्याने आयुष्यभर वाचकाला शेवटच्या पायरीपर्यंत नेलं त्याने इथे वाचकाला मधल्याच पायरीवर सोडायचं ठरवलं. पण मलेरियाविरुद्ध मच्छरदाण्या वाटणाऱ्या संस्थांना त्यामुळे जास्त पैसे मिळाले असतील तर मी तक्रार करणारा कोण, हेपण खरं.

ह्यातूनच पुढे ज्याला 'इफेक्टिव्ह अल्ट्रुइझम' म्हणतात ती चळवळ आली, म्हणजे दिलेल्या पैशातून जास्तीत जास्त भलं कुठे होतं ते बघून मदत करायची. ऑक्सफर्डमधल्या टोबी ऑर्ड आणि विल्यम मॅकॅस्किल ह्यांनी २००९ मध्ये 'गिव्हिंग व्हॉट वुई कॅन' काढली, सभासदाने उत्पन्नाचे १० टक्के द्यायचं वचन. त्याआधी २००७ मध्ये अमेरिकेत 'गिव्हवेल' निघाली होती, कुठल्या संस्थेला दिलेल्या पैशातून खरोखर किती जीव वाचतात ते तपासणारी. एक जीव वाचवायला काही हजार डॉलर लागतात असा त्यांचा अंदाज असतो, म्हणजे तळ्याच्या दाखल्यात वाटतं तितकं ते स्वस्त नाही, हे सिंगरनेही मान्य केलंय. मग 'भरपूर कमवा आणि दान करा' हा विचार आला आणि त्याचं सगळ्यात गाजलेलं नाव, सॅम बँकमन-फ्राइड, त्याची एफटीएक्स ही क्रिप्टो चलनाच्या व्यवहारांची कंपनी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कोसळली, लोकांचे पैसे वापरल्याबद्दल त्याला २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. सिंगरचा गुन्हा नाही तो. पण 'परिणाम चांगला तर सगळं चालतं' ही पायरी कशी घसरते हे कळायला ह्याहून मोठं उदाहरण नको.

त्याहून मला गंभीर वाटते ती अँगस डीटनची टीका, २०१५ चा अर्थशास्त्राचा नोबेल मिळालेला माणूस, आणि भारतातल्या गरिबीच्या आकडेवारीवर वर्षानुवर्षं काम केलेला. त्याचं म्हणणं असं की बाहेरून पैसा येत राहिला की सरकारला आपल्याच लोकांकडून कर घ्यायची आणि त्यांना उत्तर द्यायची गरज कमी वाटते, आणि सरकार आणि लोकांमधला जो करार देशाला गरिबीतून वर काढतो तोच कमकुवत होतो. तळ्यात मूल एकदाच पडतं. पण रोज पडत असेल तर काठाला कुंपण का नाही, ते कोणी घालायचं, आणि घालत नसेल त्याला जाब कोणी विचारायचा, हे प्रश्न त्या दाखल्यात बसतच नाहीत. सिंगर म्हणतो की राजकीय बदलाने जास्त भलं होत असेल तर त्यावर पैसा खर्च करा, माझा नियम आडवा येत नाही. बरोबर आहे, पण त्याचा नियम प्रत्येक गोष्ट सामावून घेतो म्हणूनच त्याला नेमकं कुठे धरायचं ते कळत नाही.

त्याला सगळ्यात नेमकं धरलं ते हॅरिएट मॅकब्राइड जॉन्सनने. ती दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनची वकील, जन्मापासून स्नायूंचा आजार, आयुष्यभर व्हीलचेअर, म्हणजे सिंगरच्या पुस्तकाप्रमाणे जिच्या आईवडिलांना निर्णयाचा हक्क असायला हवा होता अशांपैकी एक. २००१ मध्ये तो तिच्या गावात व्याख्यानाला आला तेव्हा ती प्रश्न विचारायला गेली, मग दोघांची ईमेलवर बरीच वादावादी झाली आणि त्याने तिला प्रिन्स्टनला बोलावलं. तिच्या चळवळीतल्या लोकांनीच तिला झापलं की ह्याच्यासोबत एका मंचावर बसायचंच कशाला. तरी ती २००२ मध्ये प्रिन्स्टनला गेली. विद्यार्थ्यांसमोर तिने त्याची नेमकी पायरी पकडली, अपंग माणसाचं आयुष्य इतर गोष्टी सारख्या असताना कमी सुखाचं असतं हे तू गृहीत धरतोस, कशावरून? आमच्या आयुष्यात आम्हाला हवं ते असतं, नको ते असतं, आनंद असतो, इतरांसारखाच, आणि तो तुला बाहेरून मोजता येत नाही. म्हणजे तिने त्याच्या तत्त्वाला हात न लावता त्यात भरलेली माहितीच चुकीची आहे असं दाखवलं, त्याच्याच घरात त्याच्याच नियमाने.

त्याचं मत बदललं नाही. तिने परत येऊन जे लिहिलं त्यात तो राक्षस म्हणून येत नाही, तिची सोय नीट होते आहे का हे बघणारा, ऐकून घेणारा आणि तरीही तिच्यासारख्यांबद्दल भयंकर मत असणारा माणूस म्हणून येतो, आणि ह्या दोन्ही गोष्टी एकत्र कशा असू शकतात हे ती लेखभर सोडवत राहते. २००८ मध्ये ती वारली तेव्हा त्याने तिच्यावर आदराने लिहिलं. सिंगर वाचायला घेणार असाल तर 'प्रॅक्टिकल एथिक्स'सोबत तिचा तो लेख वाचाच, 'न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन'मध्ये फेब्रुवारी २००३ मध्ये आलेला, नाव 'अनस्पीकेबल कॉन्व्हर्सेशन्स'. आधी पुस्तक, मग तो.